पाठमोरी तपासणी

"श्रवणशक्ती पूर्ववत. मागावर काम करण्यास हरकत नाही."

कागदावर एवढंच लिहिलं होतं, आणि खाली वैद्यबुवांची सही, अक्षरन् अक्षर देवाला वाहावं तसं काढलेलं. धोटाबाईनं ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेबलापलीकडे मॅनेजर खुशीत होता. "अभिनंदन, बाई. बत्तीसच्या बत्तीस जणी बऱ्या. वैद्यबुवांच्या हाताला यश आहे हो."

"आणि घडीखात्यातली जागा?"

"ती कान गेलेल्या बाईसाठी ठेवली होती. तुमचे कान आता माझ्यापेक्षा तिखट झालेत. सोमवारपासून आपला माग सांभाळा."

त्याचा शब्द न् शब्द तिला कळला. ऐकू मात्र त्यातलं काही आलं नव्हतं. कानापर्यंत पोचलं ते एवढंच, की कुठंतरी लांब कुणी घागर घासतंय. बाकी सगळं तिनं त्याच्या ओठांवरून उचललं होतं, जमिनीवर पडलेली सुई उचलावी तसं, सहज.

आता ही विद्या कुठली, हे समजायला मागखात्यात एक दिवस उभं राहायला हवं. ऐंशी माग एका छपराखाली. प्रत्येकावर धोटा, म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन या टोकापासून त्या टोकाला आपटत पळणारा लाकडी तुकडा. ऐंशी धोटे मिनिटाला शेकडो वेळा आपटतात. तिथं बोलणं कानानं ऐकायचं म्हणजे वादळात उदबत्ती पेटवण्यासारखं. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात, आवाज न काढता, चार चार माग सोडून पलीकडचीशी. नवी मुलगी पहिल्या वर्षी शिकते. पाचव्या वर्षी ती विसरूनही जाते, की आपण बघतोय, ऐकत नाही. चार मागांमध्ये दिवसभर पळणाऱ्या या बाईचं नाव धोटाबाई पडलं त्यालाही आता जमाना झाला होता. सव्वीस वर्षं झाली होती तिला तिथं.

आणि त्या सव्वीस वर्षांनी कान खाल्ले होते. उजवा जवळजवळ गेला होता, डावा थोडा शिल्लक होता. त्या डाव्यासाठी तिला घडीखातं हवं होतं. तिथं कापडाच्या घड्या घालायच्या, शिक्के मारायचे. शांत जागा. घडीखात्यातली म्हातारी निवृत्त झाली तेव्हा धोटाबाईनं मॅनेजरला गाठलं होतं आणि तो म्हणाला होता, "वैद्यबुवांनी लिहून द्यावं, कान गेलेत म्हणून. खातं बदलतो." मशीनवर कान तपासणारा डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला होता खरा, पण त्याचा कागद कंपनी मानत नसे. कंपनीनं नेमलेल्या वैद्यबुवांचा मानी.

आणि वैद्यबुवांनी हे लिहून दिलं होतं.

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. मागखात्यातल्या बत्तीस जणींच्या कानांवर उपचार करायला तीन आठवडे रोज पाळी सुटल्यावर ते विश्रांतीच्या खोलीत येत. आठ आठ जणी आळीपाळीनं बाकांवर कुशीला आडव्या व्हायच्या. बुवा आधी बॅटरी लावून कानाचा पडदा बघणार, कुठं भोक नाही, वाहत नाही ना याची खात्री करणार. मग मानेला नि जबड्याला तेल चोळून शेक. मग औषधी तेलाची वाटी कढत पाण्यात धरून, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून, कोमट तेल कानात भरणार नि शंभर आकडे मोजेपर्यंत कुणाला हलू देणार नाहीत. शेवटी नाकात दोन थेंब. त्या अर्ध्या तासात बायकांना जी झोप लागे ती त्यांच्या घरच्या अंथरुणातही लागत नसे.

"आपल्याला तळायला ठेवलंय गं," धोटाबाईची धाकटी जाऊ पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि सात बाक हसून हलले होते.

"हलू नका!" बुवा ओरडले होते. "तेल सांडतंय! आणि पथ्य ऐका. गार वारा नको. रात्रीचं जागरण नको. मोठा आवाज तर अजिबात नको."

यावर तर बायका इतक्या हसल्या, की बुवांना कळेना काय झालं.

एकविसाव्या दिवशी तपासणी. बुवांनी एकेकीला समोर स्टुलावर बसवलं आणि चेहऱ्याकडे बघत, आवाज उतरवत उतरवत प्रश्न विचारले. शेवटचे प्रश्न तर नुसते कुजबुजून.

"नातवंडं किती, ताई?"

"दोन. तिसरं वाटेत आहे."

"झोप येते?"

"तुमच्या बाकावर येते."

बुवांचे डोळे भरून आले होते. "देवानं यश दिलं," म्हणाले. तेव्हा धोटाबाईला बरंसुद्धा वाटलं होतं. एवढ्या मायेनं विचारणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, असं कसं करायचं? कुणी फसवलं नव्हतं. बत्तीस जणींनी फक्त समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं होतं, रोज बघतात तसं.

"चल," मॅनेजरच्या खोलीबाहेर येऊन ती जावेला म्हणाली.

"कुठं?"

"त्या पुण्यवंताच्या दवाखान्यात."

"ताई, भांडू नकोस हं. देवमाणूस आहे." जाऊ मागून पळत होती, आणि बोलायला तिला सारखं पुढं येऊन तोंड दाखवावं लागत होतं. "आणि मला खरंच गुण आला गं. कानातली शिट्टी कमी झाली. मला येतं ऐकू."

"येत असेल. मला येत नाही."

"मग तू सांगायचं होतंस तेव्हाच!"

हे बरोबर होतं, म्हणून धोटाबाईचा राग आणखी चढला.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला बरण्यांची फळी, कोपऱ्यात शेगडी. बुवा दाराकडे पाठ करून तेलाच्या कढईत पळी फिरवत होते. दोघी आत जाऊन उभ्या राहिल्या. बुवांची मान हलली, खांदे हलले. दोघी उभ्याच. शेवटी बुवा वळले.

"अहो, बसा म्हणतोय मघापासून. तीनदा म्हटलं."

"पाठीनं म्हटलंत," धोटाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या पाठीला ओठ नाहीत, वैद्यबुवा. आम्ही कुठं बघून ऐकायचं?"

बुवा हसले. "कढईचा आवाज होता, ताई. त्यात कुणालाही..."

तिनं पुढं काही बघितलं नाही. शेगडी बंद केली. बुवांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्यांच्याच हातात कोंबला. "तोंडावर धरा. नाकापासून खाली. आता बोला. काय वाटेल ते बोला."

बुवांनी तिच्याकडे रोखून बघितलं, मग टॉवेल धरला. त्यांचा गळा हलताना तिला दिसला. आवाजही आला, मऊ, गाठी नसलेला, गोधडीखालून यावा तसा. शब्द एकही नाही.

"झालं बोलून?"

त्यांनी टॉवेल खाली घेतला.

"काय म्हणालात तुम्ही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "देवाचं नाव घेतलंत की मला शिव्या घातल्यात, मला माहीत नाही. आणि तुम्ही लिहून दिलंत, पूर्ववत!"

बुवांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. पण मघाचं सगळं जावेनं नीट बघितलं होतं आणि ती मध्येच पुढं झाली. "तिचं असेल तसं. माझं करा. मला येतं, बुवा, खरंच येतं."

बुवांनी पुन्हा टॉवेल धरला. गळा हलला. जाऊ कान टवकारून उभी, चेहऱ्यावर शाळेतल्या हुशार मुलीचं हसू. थांबली. अजून थांबली. मग तिनं धोटाबाईकडे बघितलं. "बोलतायत का ते?"

धोटाबाईला निदान गुरगुर आली होती. तिनं मान हलवली, हो, बोलतायत.

जाऊ खाली बाकावर बसली. पायांकडे बघत राहिली.

"मी फसवलं नाही, ताई," बुवा म्हणाले. "देवाशपथ."

"फसवलं असतंत तर सोपं होतं. चार शिव्या दिल्या असत्या नि मोकळी झाले असते. तुम्ही तर मन लावून केलंत! आठवड्यातून एकदा मी देवळात कीर्तनकारांना ऐकायला जाते, देवाच्या गोष्टी गाऊन सांगतात ते. पहिल्या रांगेत बसते. गोष्ट सगळी कळते मला, ओठांवरून. पण सूर ओठांवर नसतो, वैद्यबुवा. ते गायला लागले की त्यांचं तोंड नुसतं उघडं दिसतं. डाव्या कानात अजून थोडं येतं, खालच्या पट्टीतलं. तेवढं राखायला मागत होते मी. तेवढंच. आणि तुम्ही मला परत त्या ऐंशी मागांत ढकललंत, सही करून."

बुवांनी टॉवेल कढईशेजारी ठेवला. मग तिच्याकडे वळून, तिला दिसेल असं, सावकाश बोलले.

"आमच्या शास्त्रात लिहिलंय. फार दिवसांचं बहिरेपण हाती धरू नये. मला ठाऊक होतं. वाटलं, वाताचा जोर कमी करू, निदान शिट्टी थांबेल, झोप येईल, आहे ते टिकेल. तेल वाईट नाही, ताई. पण पहिला उपचार तेल नाहीच. पहिला उपचार म्हणजे कारण टाळायचं. मी साहेबांना म्हटलं होतं पहिल्याच दिवशी, कान झाकायला काहीतरी द्या यांना. ते म्हणाले, बुवा, तुम्ही कानाचं बघा, मागखात्याचं आम्ही बघतो."

"आणि तुम्ही तेल भरलंत."

"भरलं."

"रोज भरलंत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच आगीत. घर जळतंय नि तुम्ही भिंतीला रंग देताय!"

"हो," बुवा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, आणि याचाही तिला राग आला. भांडायला आलेल्या माणसाला समोर कुणीतरी लागतं.

बुवांनी टेबलाचा खण उघडला, कोरा कागद काढला. "तुमचं लगेच लिहून देतो. कान गेले, मागावर पाठवू नये. सोमवारच्या आत साहेबांकडे द्या. जागा तुमची होईल. बाकीच्यांचं... बघतो मी हळूहळू. बत्तीस बऱ्या झाल्या म्हणून चार लोकांत सांगून बसलोय. जरा वेळ द्या मला."

धोटाबाईनं हात पुढं केलासुद्धा. मग तिची नजर बाजूला गेली. जाऊ अजून पायांकडेच बघत होती. मान खाली, म्हणजे तिच्या लेखी या खोलीत कुणी काही बोललंच नव्हतं. कागद घेऊन, घडी करून, खिशात टाकून बाहेर पडलं असतं तरी तिला कधी कळलं नसतं. जिच्या कानात गुरगुरसुद्धा पोचली नव्हती तिला.

तो हात तसाच हवेत राहिला. धोटाबाईला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, बुवांचा, मॅनेजरचा, आणि सगळ्यात जास्त, मान खाली घालून बसलेल्या त्या वेडीचा, जी आयत्या वेळी सुद्धा वर बघत नव्हती.

"एकटीचं नको," ती म्हणाली. तिचा आवाज किती मोठा होता ते तिला कळलं नाही. बरण्या मात्र वाजल्या. "उद्या विश्रांतीच्या खोलीत या. सगळ्यांना तपासा. आमच्याकडे पाठ करून."

"सगळ्यांना? आणि सगळ्यांचेच गेलेले निघाले तर? जागा एकच आहे, ताई."

"मोजता येतं मला."

दुसऱ्या दिवशी बुवा आले. धोटाबाईला वाटलं नव्हतं येतील, पण आले. स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं, त्यावर बसले, मांडीवर कागद घेतले. बायका त्यांच्या मागं, एकेक करून, चार पावलांवर.

"वैद्यबुवा रुसले की काय गं?" कुणीतरी ओठ हलवले.

"भिंतीला तेल घालतायत," दुसरीनं उत्तर दिलं.

पहिली बाई उभी राहिली. बुवांचा गळा हलला. बाई हसत हसत वाट बघत राहिली. मग हसू गेलं. दुसरी. तिसरी. चौथीपासून खोलीत कुणी विनोद केला नाही. काही जणींना अर्धंमुर्धं आलं. एकीला सगळं आलं, ती मागावर येऊन सहाच महिने झाले होते. बाकीच्या बायका तिच्याकडे अशा बघायला लागल्या, जशी ती कुठल्या परगावाहून आलीये. एकोणिसाव्या बाईनंतर बुवांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. वळले मात्र नाहीत. जाऊ शेवटून दुसरी आली. तिला काहीच आलं नाही. धोटाबाईला गुरगुर आली, आणि एका शब्दाचं टोक.

मॅनेजर दारात येऊन उभा राहिला तेव्हा बुवा शेवटचा कागद लिहीत होते.

"हे काय चाललंय?"

"माझी चूक दुरुस्त करतोय," बुवा वळून म्हणाले.

"काल बऱ्या होत्या, आज बहिऱ्या? हसं होईल तुमचं, बुवा."

"झालंय," बुवा म्हणाले. "आता कान झाकायची साधनं आल्याशिवाय मी इथं तेलाची वाटी गरम करणार नाही. हे बत्तीस कागद माझ्यापाशी राहतील. कारखान्याची तपासणी करणारे सरकारी अधिकारी आले, की त्यांना दाखवीन. जुने बत्तीस पण दाखवीन, माझ्या सहीचे. शेजारी शेजारी ठेवून."

मॅनेजरनं बायकांकडे बघितलं. बत्तीस जणी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं असावं, की त्या काय बघतात. त्यानं हात तोंडावर नेला, मग खाली घेतला.

"जागा एकच आहे," तो म्हणाला.

"जिचं सगळ्यात वाईट, तिला," बुवांनी वरचा कागद त्याला दाखवला. त्यावर जावेचं नाव होतं.

सोमवारी जाऊ घडीखात्याकडे वळली आणि धोटाबाई मागखात्याकडे. मधल्या बोळात जावेनं तिचा हात धरला. "ताई, रागावलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर पण."

"मी नको म्हणून सांगते साहेबांना. तू जा तिथं."

"खबरदार! एवढं भांडून मिळवलीये ती जागा. सोडलीस तर तंगडी मोडीन. मला माझा राग सुखानं येऊ दे."

त्यानंतर रोज सकाळी माग सुरू करण्याआधी धोटाबाई मॅनेजरच्या दारात उभी राहायची आणि एकच शब्द विचारायची. "आली?" तो काहीतरी सांगायचा, मागणी पाठवलीये, वाटेत आहेत, वरून सही यायचीये.

"साहेब, खोटं बोलायचं असेल तर तोंडाला रुमाल लावत चला," पाचव्या दिवशी ती म्हणाली. "मला दिसतं ते."

नवव्या दिवशी खोकं आलं. आत कानांवर बसणारी झाकणं, कडेला मऊ गादी, वरून पट्टी. बुवा स्वतः आले होते. त्यांनी एकेकीच्या डोक्यावर बसवून, केस बाजूला सारून, कुठं फट राहत नाही ना हे बघितलं. धोटाबाईनं आपली जोडी हातात घेतली. किती हलकी होती. लहान मुलाचं खेळणं असावं तशी. दोन तळहातांत मावत होती. बुवांनी ती तिच्या कानांवर ठेवली, आणि ऐंशी मागांचं ते राक्षसी दळण लांब गेलं, शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं.

ती मागासमोर उभी राहिली. ताण्याचा एक उभा धागा तुटला होता, तो जोडायचा होता. हात पुढं गेले आणि मध्येच थांबले. एवढीशी वस्तू. एवढीशी! सव्वीस वर्षं कुणाच्यातरी कपाटात, कुणाच्यातरी यादीत, कुणाच्यातरी सहीखाली अडकून पडलेली. पहिल्या वर्षी कुणी डोक्यावर ठेवली असती तर? दहाव्या वर्षी? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते दुःखाचं आहे असं कुणाला वाटू नये म्हणून तिनं दात आवळून धरले.

काचेपलीकडे घडीखात्यात जाऊ घडी हातात धरून तिच्याकडेच बघत होती. तिचे ओठ हलले. "ताई, कसं वाटतंय?"

धोटाबाईनं डोळे पुसले, धागा जोडला, गाठीचं उरलेलं टोक दातांनी तोडलं.

"राग येतोय," तिनं ओठांनीच सांगितलं, आणि माग सुरू केला.